घेरी, फेफरे आणि लागीर

उभे माणूस एकाएकी खाली कोसळते, या एका घटनेसाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे फार थोड्या आजारांच्या वाट्याला आले असतील. घेरी, भोवळ, चक्कर, अंधारी, ग्लानी, मूर्च्छा हे शब्द एका बाजूला. फेफरे, मिरगी, आकडी, झटका, आचके हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेतले शब्द घरात मोकळेपणाने बोलले जातात. दुसऱ्या रांगेतले आवाज खाली आणून, दाराकडे पाहून. आणि या दोन्ही रांगांच्या पलीकडे, कृष्णाकाठापासून माणदेशापर्यंत, एक तिसराच शब्द उभा असतो : लागीर. पडलेल्या माणसाला यांपैकी कोणता शब्द लावला जातो, यावर पुढे त्याला पाणी मिळते, औषध मिळते की मार मिळतो हे ठरते. पडणारी व्यक्ती जर नुकते दिवस गेलेली सून असेल, तर हा शब्द ठरविण्याचा अधिकार तिला स्वतःला नसतो. तो आजूबाजूस उभ्या असलेल्यांचा असतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा अधिकार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणाकोणाच्या हाती गेला आणि त्याचे बरेवाईट काय झाले, हे पाहण्याचा आमचा या लेखात विचार आहे.

हे दोन जिल्हे मुळात एकाच घरचे. १९४९ साली संस्थाने विलीन झाली तेव्हा जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडून 'दक्षिण सातारा' निघाला. त्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. तेव्हा जुन्या काळाविषयी बोलताना आम्ही कोठे सातारा म्हटले आणि वाचकास ते गाव आज सांगलीत सापडले, तर त्याने बुचकळ्यात पडू नये.

आरंभ जुन्या ग्रंथांपासून करणे भाग आहे. आपल्याकडे वैद्यकाचा विषय निघाला की 'हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणणारा एक पक्ष असतो आणि 'त्यात काय आहे, वात-पित्त-कफ' म्हणणारा दुसरा. या विषयापुरते दोन्ही पक्ष ग्रंथ उघडून पाहतील तर बरे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात व्यक्त गर्भाची लक्षणे दिली आहेत; त्यांत वांती, अरुची, जांभया, तोंडाला पाणी सुटणे यांच्या पंक्तीत मूर्च्छा स्पष्ट नोंदलेली आहे. म्हणजे दिवस गेलेल्या बाईला भोवळ येते ही गोष्ट हजार-बाराशे वर्षांपूर्वी शास्त्रात दाखल झालेली होती. चरकाने सूत्रस्थानात मूर्च्छेचे जे वर्णन केले आहे ते तर आजच्या डॉक्टरानेही लक्षपूर्वक वाचावे असे आहे : रोग्याला आकाश निळे, काळे किंवा तांबूस दिसते, तो अंधारात शिरतो आणि लवकर शुद्धीवर येतो. याच चरकाने चिकित्सास्थानात अपस्माराचे वर्णन करताना तोंडास येणारी लाळ, डोळ्यांचे व भिवयांचे विकार, हातपाय झाडणे हे सांगून शेवटी एक फार नेमकी गोष्ट सांगितली आहे. वेग ओसरल्यावर हा रोगी झोपेतून उठावे तसा जागा होतो. लवकर भानावर येणारा एक आणि झोपेतून उठल्यासारखा उठणारा दुसरा. घेरी आणि फेफरे यांना वेगळे करणारी मुख्य खूण आजही हीच आहे. शिवाय मूर्च्छेचा वेग आपोआप शमतो, पण संन्यास नावाची जी खोल बेशुद्धी आहे ती औषधावाचून उतरत नाही, हेही तेथे सांगितले आहे.

इतके बारीक पाहणाऱ्या त्याच ग्रंथात, शारीरस्थानात, भांडखोर गर्भिणीला अपस्मारी मूल होते असेही लिहिले आहे. वैद्याने पाहून लिहिलेले आणि समाजाकडून ऐकून लिहिलेले असे दोन थर एकाच ग्रंथात असतात. दुर्दैवाने घराघरांत झिरपला तो दुसरा थर. मूर्च्छेचे तपशीलवार लक्षण कोणाच्या आजीला पाठ नव्हते. पण पोटुशी बाईच्या वागण्याने पोरावर दोष येतो, हे मात्र प्रत्येक आजीला ठाऊक होते. उन्मादाविषयी बोलताना, ज्याने स्वतः स्वतःला पीडा दिलेली नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणी पीडा देत नाही, असेही चरकाने निदानस्थानात म्हटले आहे. ते वाक्य गावच्या देवऋष्यापर्यंत पोहोचले असते तर आमचा हा लेख बराच आखूड झाला असता.

घरात मात्र लवकरच्या दिवसांतल्या घेरीला एक कौतुकाचे स्थान होते. जुन्या मराठी नाटक-सिनेमांतून हा प्रसंग ठरलेला असे. नायिका तुळशीपाशी किंवा जात्यापाशी पडावी, वैद्यबुवांनी नाडी धरावी, मिशीत हसावे आणि सासूने साखरेची वाटी आणावी. नाडीवरून एवढे निदान होत नाही, हा भाग वेगळा. दिवस गेले आहेत हे लघवीच्या परीक्षेने ठामपणे सांगण्याची विद्या जगात प्रथम बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी १९२८ च्या सुमारास आणली, आणि तीही उंदरांवर प्रयोग करून. पण वैद्यबुवांचा अंदाज बहुधा खरा ठरे, कारण पाळी चुकलेली तरुण सून आणि सकाळची घेरी एवढ्यावर घरातली कोणतीही बाई तो करू शके.

या कौतुकाची दुसरी बाजूही होती. सुनेची घेरी ती गोड बातमी आणि विधवेची घेरी तो पुरावा. पांढऱ्या कपाळाची बाई पाणवठ्यावर भोवळ येऊन बसली की इतर बायांच्या नजरा एकमेकींकडे वळत. १८६३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि सावित्रीबाईंनी तेथे आलेल्या बायकांची बाळंतपणे केली, ती याच नजरांतून पळालेल्यांची. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. गावच्या पाणवठ्यावर काय बोलले जाते हे या दांपत्याला कोणी शिकवावे लागले नसेल. अशा बाईला घेरी आली तरी ती लपवावी लागे. उपाशी पोटी, उन्हात, उभ्याने काम करीत राहून लपवावी लागे. आणि त्यामुळे ती पुन्हा येई.

ही झाली साध्या घेरीची गोष्ट. पडलेल्या बाईने हातपाय झाडले, डोळे फिरविले, दातखिळी बसली, की मग शब्द बदलत असे आणि शब्दाबरोबर माणूसही. वैद्य मागे पडून देवऋषी पुढे येई. ओढ्याकाठी किंवा विहिरीवर भर दुपारी एकटी गेलेल्या बाईला साती आसरा धरतात, पोटात मूल असता किंवा बाळंतपणात मेलेली बाई हडळ किंवा अळवंतीण होऊन दुसऱ्या पोटुशीच्या मागे लागते, असा समज दोन्ही जिल्ह्यांत घट्ट होता. हडळीच्या समजुतीमागे एक कडू सत्य दडलेले आहे, ते म्हणजे अशा बाया पुष्कळ मरत होत्या. ज्या गावात दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी भरल्या पोटी दगावते, त्या गावाला तिचे भूत दिसले तर नवल कसले?

देवऋष्याला आम्ही सरसकट लबाड म्हणणार नाही. त्यांत लबाड होते आणि आहेत. पण पुष्कळांचा स्वतःचा विश्वास असे, आणि काहींचे उतारे निरुपद्रवी असत. नारळ, हिरवा खण, दहीभात ओढ्याकाठी ठेवून यायचे. बाई घरी आली तेव्हा ती शुद्धीवर असायचीच, कारण घेरी असो वा फेफरे, वेग बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआपच उतरतो. देवऋष्याची सारी प्रतिष्ठा या 'आपोआप'वर उभी आहे. अपाय होई तो उतारा न पुरल्यावर. मग मिरचीची धुरी, केस धरून हिसडणे, चाबूक, गरम चिमटा. झाडाने बोलावे, आपले नाव सांगावे, यासाठी हे सर्व चाले. झाड म्हणजे अंगातले भूत, हे या भागातल्या वाचकास सांगायला नको. मार झाडाला बसतो, बाईला नव्हे, असा त्यातला तर्क. तीन महिन्यांच्या गरोदर बाईला मिरचीच्या धुरात कोंडल्यावर काय होते ते सांगण्यास वैद्यक शिकावे लागत नाही.

देवऋषी एक प्रश्न हटकून विचारी : "दुपारी कुठं गेली हुतीस?" या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न येण्यास बराच काळ लागला. तो प्रश्न म्हणजे : "कितवा महिना?"

हा दुसरा प्रश्न आमच्या भागात आणणारांमध्ये मिशनच्या डॉक्टरांचे नाव घेतलेच पाहिजे. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले शल्यविशारद अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. चार दिशांनी रोगी येत. वाईलाही अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते. या मंडळींच्या धर्मप्रचाराविषयी आपले मत काहीही असो, पडलेल्या बाईला खाटेवर निजवून तिच्याबरोबर आलेल्या माणसांना 'काय पाहिले ते सांगा' म्हणणारे हे लोक होते. आणि एक नाव आमच्या मनातून जात नाही ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हाच होता. जुने ग्रंथ आणि नवे शास्त्र ही दोन्ही ज्यांच्या हाताखाली होती अशा त्या पहिल्याच मराठी बाई. त्यांची नेमणूक झाली होती ती आमच्या शेजारीच, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात. काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी.

'कितवा महिना' या प्रश्नाला एवढे महत्त्व का, ते सांगितले पाहिजे. भरल्या दिवसांच्या बाईला येणारी जी आकडी, जिला डॉक्टर एक्लाम्पसिया म्हणतात, ती युरोपातही फार काळ मिरगीचाच एक प्रकार समजली जाई. १८४३ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. लीव्हर यांनी अशा बायकांची लघवी तापवून पाहिली आणि तीत प्रथिन सापडले. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र केले, १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव यांनी त्याला नळी लावून ऐकण्याची जोड दिली, आणि मग कळले की या बायकांचा रक्तदाब चढलेला असतो. हा विकार साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतरचा. मॅग्नेशियम सल्फेट हे त्यावरचे औषध इतरांहून सरस आहे, हे १९९५ साली अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीने ठरविले. तीत हिंदुस्थानातील रुग्णालयेही होती. औषध स्वस्त, सुई टोचता येणारी परिचारिका मिळाली की काम होते.

पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात झटका आला तर? तेथे हे सर्व ज्ञान उलट वाट चुकविण्याचा संभव असतो. द्राक्षगर्भासारखा विरळ प्रसंग सोडला, तर इतक्या लवकर एक्लाम्पसिया होत नाही. मग तो झटका कशाचा? जुनी मिरगी उसळली असेल. मेंदूतल्या शिरेत रक्त गोठले असेल. सारखी उलटी होऊन अंगातले क्षार घटले असतील. डुकरातील पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन त्या कृमीची गाठ मेंदूत झाली असेल. आपल्या देशात झटक्यांचे हे एक मोठे कारण आहे, आणि ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही त्यालाही न धुतलेल्या भाजीतून ते होऊ शकते. किंवा मुळात तो झटका नसेलच.

या शेवटल्या शक्यतेपाशी आम्ही थोडे रेंगाळणार आहो, कारण आमच्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी फसगत येथे आहे. १९९४ साली बर्लिनच्या लेम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट तरुणांना मुद्दाम घेरी आणविली आणि ती चित्रफितीवर टिपली. पूर्ण शुद्ध हरपलेले ४२ प्रसंग त्यांनी पाहिले. त्यांतल्या शंभरात नव्वदांत हातापायांना हिसके बसले. डोळेही उघडे राहून वर फिरले. म्हणजे निव्वळ भोवळ आलेला, ज्याच्या मेंदूत काहीही दोष नाही असा माणूसही हातपाय झाडतो! हिसका दिसला की फेफरे, आणि फेफरे म्हटले की लागीर, ही आपल्याकडची पायरीवरची पायरी पहिल्याच ठिकाणी निसरडी होती. किती पोटुशी बाया साध्या घेरीपायी देवऋष्याच्या दारात गेल्या असतील, आणि नंतरच्या काळात किती जणींना साध्या घेरीपायी वर्षानुवर्षे मिरगीच्या गोळ्या खाव्या लागल्या असतील, याची मोजदाद आता कोण करणार?

मग खूण कोणती? ती चरकाच्या जवळपासच आहे. घेरी येणारी बाई बहुधा उभी असते. आधी तिला मळमळते, घाम फुटतो, अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो. आडवी झाली की मिनिटाच्या आत ती आपल्या सासूला ओळखते. फेफरे निजलेलीलाही येते. आधी अंग ताठ होते, मग तालात झटके बसतात, तोंड काळेनिळे पडते, जिभेची कड चावली जाते, आणि नंतर अर्धा-पाऊण तास ती कोठे आहे हे तिला कळत नाही. यातली एकही गोष्ट डॉक्टरांनी पाहिलेली नसते. बाई दवाखान्यात येते तेव्हा ती बोलत असते, नाडी ठीक असते. मेंदूचा विद्युत्-आलेख काढण्याची युक्ती जर्मनीच्या बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केली. पण दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो आलेखही पुष्कळदा निर्दोष निघतो. निदान राहते ते शेजारी उभी असलेल्या बाईच्या जबानीवर. चूल फुंकता फुंकता तिने जे पाहिले, तेवढेच.

साध्या घेरीलाही आम्ही साखरेच्या वाटीवर सोडून देणार नाही. गर्भ राहिल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, हे निसर्गाचे काम. त्यात रक्त पातळ असले तर भोवळ अधिक. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या आणि गरोदर गिरणी-कामकरणींतील पंडुरोगाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्या अर्कातले जे गुणकारी द्रव्य ते पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आज लोहाबरोबर जी गोळी प्रत्येक गरोदर बाईच्या हातावर ठेवतात तिचा उगम असा मुंबईच्या गिरणगावात आहे, जेथे सातारा जिल्ह्यातून गेलेली कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. गिरण्या गेल्या, आता तोच प्रकार उसाच्या फडात पाहावा. नवरा-बायकोचे मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढणारी दोन महिन्यांची पोटुशी. तिला येणारी घेरी वाग्भटाच्या यादीतली आहे खरी; पण तिचे कारण निम्मे वाग्भटाचे आणि निम्मे मुकादमाचे. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून ती पाणी तोंडावर मारून पुन्हा उभी राहते.

आणि एक घेरी अशी आहे की तिच्यात जीव जातो. गर्भ कधीकधी गर्भाशयाऐवजी त्याच्या नळीत रुजतो, सहा-आठ आठवड्यांत नळी फुटते आणि रक्त पोटातल्या पोटात वाहते. बाहेर थेंबभरच दिसते. १८८३ साली बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी अशी फुटलेली नळी शस्त्रक्रियेने काढून बाई वाचविली, तोवर ही मरण्याचीच वाट होती. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूस कळ, खांद्यात दुखणे आणि घेरी, एवढे जुळले की घड्याळ सुरू झाले असे समजावे. या बाईला 'दिवसच तसे आहेत' म्हणून निजवून ठेवणे आणि देवऋष्याकडे नेणे, दोन्ही सारखेच घातक. कौतुकाच्या शब्दानेही माणूस मरू शकतो, हे लागिराच्या निंदेत आपण विसरतो.

आता खऱ्या मिरगीकडे. तिच्यावरचे पहिले कामाचे औषध एका प्रसूतितज्ज्ञाने सांगितले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. व्हिक्टोरिया राणीची बाळंतपणे पाहणारे सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली लंडनच्या वैद्यसभेत ब्रोमाइडचा आपला अनुभव सांगितला. पुढे १९१२ साली फेनोबार्बिटाल आले, १९३८ साली फेनिटॉइन. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही औषधे तालुक्याच्या दुकानातही मिळू लागली. औषध मिळू लागले तेव्हा आजार लपविणे सोपे झाले, आणि कायद्याने त्याला जोर दिला. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन, वारंवार मिरगीचे झटके येणारी व्यक्ती लग्नास अपात्र ठरली. हे कलम १९९९ साली काढून टाकण्यात आले. म्हणजे तेवीस वर्षे हिंदुस्थान सरकारने मिरगीला वेडाच्या पंक्तीस बसविले होते.

याचा परिणाम मुलीच्या बापावर काय व्हावा? तो लग्नाच्या वेळी बोलत नाही. गोळ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी जातात. सासरी त्या चोरून घेणे जमत नाही, म्हणून सुटतात. किंवा दिवस गेल्यावर मुलगीच घाबरते, गोळीने पोर वेडेवाकडे होईल म्हणून एके दिवशी सगळ्या बंद करते. ही भीती अगदीच निराधार नाही. व्हॅल्प्रोएट नावाच्या एका औषधाने गर्भाच्या कण्यात आणि पुढे बुद्धीत दोष येऊ शकतात हे सिद्ध झालेले आहे. पण त्याच्याऐवजी लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम यांसारखी बरीच सुरक्षित औषधे देता येतात, आणि तो बदल दिवस राहण्यापूर्वी, हळूहळू करावा लागतो. तो करायचा तर आधी कोणाला तरी सांगितले पाहिजे. आणि सांगणे हेच तर तिला बंद केलेले आहे. एकदम गोळ्या थांबल्या की आठ-पंधरा दिवसांत झटका येतो, सासरच्या ओसरीवर, सर्वांच्या देखत. सासर म्हणते : आमच्याकडे आल्यावर झाले, म्हणजे इथलेच काही लागले. माहेर गप्प राहते; कारण 'आधीपासून होते' म्हणावे तर फसवणुकीचा बोल येतो. लागीर हा शब्द दोन्ही घरांना सोयीचा ठरतो. भुताखेतांवर विश्वास नसलेली माणसेही तो का वापरतात, याचे एक उत्तर आम्हांस येथे सापडते.

या शब्दाशी ज्या माणसाने आयुष्यभर झुंज घेतली तो आमच्याच मातीतला. नरेंद्र दाभोलकर १९४५ साली साताऱ्यास जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि साताऱ्यातच त्यांनी व्यवसाय केला. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे मंत्रालयाचे जिने चढले त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीचे पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, केस उपटणे, तापलेल्या वस्तूचे चटके देणे यांना गुन्हा ठरविते. वर आम्ही देवऋष्याचे जे उपचार सांगितले त्यांची ही जणू यादीच. गर्भातल्या मुलाचे लिंग बदलून देतो म्हणणाराही त्यात सापडतो. कायद्यावर आमचा एक आक्षेप मात्र आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता रोग्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडविणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा मानला आहे. झटका आलेल्या बाईला अडविणे तसे नावाने घातलेले नाही. तिला कोणी मारले तर कायदा येतो. नुसते बसवून ठेवले, अंगारा लावीत तीन दिवस घालविले, तर तो तिच्यासाठी तितक्या स्पष्ट शब्दांत बोलत नाही.

अलीकडे एक नवाच साक्षीदार या घरांत आला आहे. आटपाडी, जत, माण, खटाव येथल्या वस्त्यांवरही आता मोबाइल असतो, आणि सून पडली की घरातले एखादे पोरगे तो उचलून चित्रण करते. मज्जाविकाराचे डॉक्टर अशा चित्रफिती आता मागून घेतात; एका मिनिटाच्या चित्रात ताठरपणा आधी आला की हिसका, डोळे उघडे की मिटलेले, किती वेळाने ती बोलली, हे सर्व दिसते. आवाजही असतो. कोणी कांदा फोडून नाकाशी धरा म्हणते, कोणी जोडा हुंगवा म्हणते, कोणी दातांत चमचा घालते, आणि त्या गलक्यात एखादी म्हातारी पुन्हा पुन्हा सांगत असते की आरं, सरका बाजूला, तिला कुशीवर करा, वारं लागू द्या.